वाचकांचे प्रश्न : पाठ टेकली की विचार का सुरू होतात?

प्रश्न : नागपूरच्या इतवारीत माझं किराण्याचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाईक असतं, डोक्याला काही त्रास नाही. रात्री पाठ टेकली की उधारी, मुलीचं लग्न, दहा वर्षांपूर्वी कोणी टाकून बोललेलं, सगळं एकदम सुरू होतं. पुतण्या म्हणतो, हे ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’चं काम आहे. ते बंद करता येतं का?

उत्तर : पुतण्याने बरोबर सांगितलं, पण ते बंद होत नाही आणि होऊही नये. शांत पडलेला मेंदू रिकामा असतो, असा पूर्वी समज होता. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मार्कस राइकल यांच्या गटाने २००१ साली दाखवून दिलं की माणूस काहीच करत नसताना मेंदूचे काही ठरावीक भाग उलट जास्त कामात असतात. कपाळामागचा मधला पट्टा, डोक्याच्या मागच्या बाजूचा मधला भाग आणि कानांच्या वर-मागचे दोन भाग एकत्र काम करतात. या जाळ्यालाच डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात. जुन्या आठवणी, उद्याचे बेत, स्वतःबद्दलचे विचार, समोरच्याच्या मनात काय असेल याचा अंदाज, हे सगळं तिथे चालतं. मुलीच्या लग्नाची तयारी डोक्यात मांडता येते ती याच जाळ्यामुळे.

दुकानात हिशेब करताना दुसरं जाळं पुढे येतं, त्याला एक्झिक्युटिव्ह नेटवर्क म्हणतात. या दोघांपैकी कोणी कधी पुढे यायचं, यात तिसऱ्या, सॅलियन्स नेटवर्कचा मोठा वाटा असतो. आत्ता महत्त्वाचं काय, हे ते हेरतं. स्टॅनफर्डच्या विनोद मेनन यांनी २०११ साली या तिघांची एकत्र मांडणी केली. नैराश्य, चिंता, स्किझोफ्रेनिया अशा बऱ्याच आजारांत बिघाड एखाद्या ठिपक्यात नसून या अदलाबदलीत असावा, असा त्या मांडणीचा रोख आहे. रात्री गिऱ्हाईक नाही, हिशेब नाही, अंधार आहे. बाहेरून लक्ष ओढणारं काही उरत नाही, म्हणून पहिलं जाळं मोकळं सुटतं.

‘विचार करायचाच नाही’ असं ठरवलं की तो विचार आला का, हे तपासण्यात मन गुंततं आणि तो आणखी घट्ट बसतो. त्यापेक्षा काळजीला वेळ नेमून द्या. संध्याकाळी, झोपण्याच्या किमान दोन तास आधी, रोज त्याच वेळी, समजा सहाला, २० मिनिटं खुर्चीवर बसा. पलंगावर नको. वहीत डावीकडे काळजी लिहा, उजवीकडे उद्या करायची एकच गोष्ट. ‘उधारी वसूल होत नाही’ यासमोर ‘सकाळी ११ वाजता अमक्याला फोन’. ‘माझ्याच नशिबी का’ हा प्रश्न आला तर तो ‘आता काय करू’ असा बदलून लिहा. ‘का’ने मन गोल गोल फिरतं, ‘काय’ने पुढे सरकतं. ज्यावर काही करता येत नाही, त्यासमोर तसं लिहा आणि पुढच्या ओळीवर जा. रात्री तोच विचार आला की ‘उद्या सहाला’ एवढंच मनात म्हणायचं. पहिला आठवडाभर फरक वाटत नाही आणि बहुतेक लोक तिथेच वही टाकून देतात. किमान तीन आठवडे करा.

साधारण २० मिनिटांत झोप आली नाही तर उठून मंद उजेडात दुसऱ्या जागी बसा, झोप आली की परत या. पडून तळमळत राहिलं तर पलंग म्हणजे काळजीची जागा, हे मेंदूला पाठ होतं. सकाळी उठायची वेळ मात्र रविवारीही तीच. आपल्याकडच्या मे महिन्याचा हिशेब वेगळा धरावा लागतो. झोप लागायला शरीराचं तापमान थोडं उतरावं लागतं. खिडकी बंद ठेवून कूलर लावला तर खोली दमट होते, घाम वाळत नाही आणि दोन वाजता जाग येते. कूलरसमोरची खिडकी चार बोटं तरी उघडी ठेवा. झोप नीट नसेल तर वरचे सगळे उपाय कमी पडतात, म्हणून हे इतकं लांबवून सांगितलं.

प्रश्न : आई ५८ वर्षांची आहे. चार महिने झाले, कशात मन लागत नाही, जेवण कमी झालं. मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला, तरी डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी दिली. नेटवर्कची वेगळी तपासणी करून घ्यावी का? (मानेवाडा)

उत्तर : नको, पैसे वाचवा. साधा एमआरआय गाठ, रक्तस्राव, पक्षाघाताचा जुना झटका, आकसलेला भाग दाखवतो. या वयात पहिल्यांदाच उदासी आली म्हणून तो काढला असेल तर योग्यच केलं. पण नैराश्य त्यात दिसत नाही. नेटवर्क पाहणारा फंक्शनल एमआरआय रक्तातल्या प्राणवायूच्या चढउतारावरून अंदाज बांधतो. डोकं मिलिमीटरच्या अंशाएवढं हललं तरी नसलेले संबंध दिसू लागतात. शिवाय हे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे असतात आणि तेही एकमेकांशी जुळत नाहीत. नैराश्यात डिफॉल्ट मोड नेटवर्कची आतली जोडणी वाढते, असं बरेच अभ्यास सांगत होते. २०१९ साली चीनमधल्या १,३०० रुग्णांची माहिती एकत्र पाहिली तेव्हा वारंवार नैराश्य येणाऱ्यांत ती उलट कमी आढळली. एका माणसाच्या चित्रावरून निदान करून देतो असं कोणी म्हणत असेल तर तिथून उठा.

त्याऐवजी थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन आणि साखर तपासली का, हे डॉक्टरांना विचारा. गोळीचा गुण दिसायला २ ते ४ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. मळमळ, बेचैनी मात्र पहिल्याच आठवड्यात येते, म्हणून लोक गोळी सोडतात. बरं वाटल्यावरही बहुधा किमान सहा महिने ती चालू ठेवतात. एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड होते. डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी करा.

घरी ‘बरं वाटलं की कर’ असं म्हणू नका. नैराश्यात उत्साहाची वाट पाहिली तर तो येतच नाही, आधी कृती करावी लागते. सकाळी सातला गल्लीच्या टोकापर्यंत सोबत चाला. सांबाराची (कोथिंबिरीची) जुडी निवडायला त्यांच्या हातात द्या, अर्धीच झाली तरी चालेल. वेळ ठरलेली हवी, काम छोटं हवं.

जगावंसं वाटत नाही, असं त्या बोलल्या तर थट्टेवारी नेऊ नका. मरण्याचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. त्यांना एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी मेडिकल, मेयो किंवा एम्स रुग्णालयात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

प्रश्न : मेंदूची जाळी मजबूत करणारं अ‍ॅप घ्यावं का? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : त्या अ‍ॅपमधल्या खेळात हात बसेल. त्याने रोजची स्मरणशक्ती सुधारते, याला पुरावा फार तोकडा आहे. तेच पैसे बुटांवर घाला आणि आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपाझप चाला. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग असू द्या. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत घरी परत या.