टर्कीचा होरोन नाच व्हिडिओ बघून शिकता येईल का?

पावलं शिकता येतील, होरोन नाही. आणि ‘गॅदरिंगसाठी चार मात्रांत बसवला तर चालेल का’ असं जे तुम्ही पुढे विचारलंय, त्याला माझं उत्तर साफ नाही. यावरून मी एकदा भांडलेली आहे.

मी जर्मनीत कोलोनजवळ राहते. माझ्या एका सहकाऱ्याचं घराणं त्राब्झोनकडचं, काळ्या समुद्राच्या काठचं. त्याच्या बहिणीच्या लग्नात जेवणाआधीच केमेन्चेवाला उठला. केमेन्चे म्हणजे हातभर लांबीचं, अरुंद, तीन तारांचं वाद्य. गजाने वाजवतात, आणि वाजवणारा बसून राहत नाही, रिंगणात नाचणाऱ्यांसमोर फिरतो. बघता बघता म्हाताऱ्या बायका, बाप्ये, शाळकरी पोरं हात धरून उभी राहिली. एका आजींनी मला ओढलं. लहानपणी तबला शिकलेली, त्यामुळे आधी मात्रा मोजल्या. सात निघाल्या. पण आपल्या रूपक तालात तीनचा खंड आधी येतो, इथे शेवटी: दोन-दोन-तीन. आणि लय इतकी चढी की सात आकडे तोंडात मावत नाहीत. लहान, लहान, मोठं, एवढंच अंगात राहतं. तेही मला आजींच्या मुठीतून कळलं. पाय चुकला की त्या माझा हात खाली दाबायच्या. म्होरक्या ओरडला की वर धरलेले सगळे हात एकदम खाली, गुडघे वाकलेले, खांदे थरथरताहेत. ती थरथर गुडघ्यातून वर चढते. व्हिडिओत नजर खांद्यांवर जाते, म्हणून व्हिडिओवर शिकलेले लोक नुसते खांदे उडवतात.

तिथे शेजारचे एक ग्रीक काका आले होते. 1923 च्या ग्रीस-टर्कीमधल्या लोकसंख्येच्या अदलाबदलीत त्यांचे आजोबा याच किनाऱ्यावरून ग्रीसला गेले. काका न विचारता रिंगणात शिरले आणि शेवटपर्यंत एका पावलाला अडखळले नाहीत.

पुढे आमच्या इथल्या एका मंडळात ‘देशोदेशीचे नाच’ ठरले. बसवणाऱ्या ताईंनी होरोन घेतला, त्याखाली चार-चार मात्रांचा केरवा ताल घातला आणि मुलींना बेली डान्सचे कपडे दिले. मी विचारलं, लावणीच्या ढोलकीजागी वॉल्ट्झ वाजवला तर चालेल का तुम्हाला? ‘लोकांना काय कळतंय’ म्हणाल्या. मी नाव काढून घेतलं. ज्यांची आजोळं देशाबाहेर गेली तरी ताल सुटला नाही, त्यांच्या नाचाचा एक खंड आपण सोयीसाठी कापायचा, हे मला आजही मान्य नाही.

तुम्ही पाच-सहा जणी जमवा. हात घट्ट धरा, आधी वाद्याशिवाय, संथ लयीत दोन-दोन-तीन चाला. सिक्सारा हा वेगवान प्रकार अगदी शेवटी घ्या. गुडघे दुखत असतील तर घेऊच नका.

मी सांगतेय ते त्राब्झोनकडचं. पूर्वेला रिझे-आर्तविनच्या डोंगरात केमेन्चेऐवजी बऱ्याचदा तुलुम, म्हणजे कातडी पिशवीचं वाद्य असतं, आणि पावलंही बदलतात. पाच मात्रांचे आणि नऊ मात्रांचे होरोनही आहेत, तेव्हा जो व्हिडिओ निवडाल त्याच्या मात्रा आधी मोजून घ्या.

एकटीनेच नाचायचं असेल तर टर्कीच्याच पश्चिमेकडच्या एजियन किनाऱ्याचा झेयबेक नाच बघा. संथ, भारदस्त, हात पसरून आणि मध्येच गुडघा जमिनीला टेकवून करायचा. त्याच्या मात्रा नऊ आहेत. कुणी सांगितलं तरी आठ करू नका.