लोखंडी गाढव आणि विहिरीवरचा माणूस

नागपूर, नवतप्याचा तिसरा दिवस

पोरी,

फोनवर तू म्हणालीस, "काका, पंधरा जूनला जैसलमेरला रुजू व्हायचंय, सोलर पार्कच्या रस्त्यांची आखणी," आणि लगेच विचारलंस, सोबत काय काय घेऊ. मी म्हटलं, पत्रात कळवतो. तू हसलीस. हस. फोनवर मला यादी सांगता येते, म्हणणं मांडता येत नाही.

यादी अशी: मीठ-साखरेच्या पुड्या, चष्म्याची जादा जोडी, पायाला बसलेले जुने बूट. दुपट्टा कसा बांधायचा ते नागपूरच्या पोरीला कोणी शिकवू नये, आणि खिशात कांदा ठेवायचं काकू सांगणारच आहे. झाली यादी.

आता म्हणणं. जाण्याआधी एक चित्रपट बघून जा. नाव 'थीब'. अरबी भाषेत याचा अर्थ लांडगा, आणि हे त्यातल्या नऊ-दहा वर्षांच्या पोराचं नाव आहे. नाजी अबू नुवार या दिग्दर्शकाने तो जॉर्डनमध्ये केला, २०१४ साली. त्याचा हा पहिलाच मोठा चित्रपट. २०१६ च्या ऑस्करला परदेशी भाषेतल्या पाच चित्रपटांत त्याचा नंबर लागला, जॉर्डनला असं नामांकन तेव्हा पहिल्यांदा मिळालं. बक्षिसांचं एवढं पुरे. मी तो आतापर्यंत चारदा पाहिला आणि दर वेळी मला रस्त्याखालून पाणी काढणाऱ्या एका मोरीची आठवण झाली. मोरीचं पुढे सांगतो.

गोष्ट १९१६ ची. पहिलं महायुद्ध चालू आहे, अरबस्तानावर तुर्कांचा अंमल आहे, पण वाळवंटात भटकणाऱ्या बदाऊ अरबांच्या या राहुटीत त्यातलं काही पोचलेलं नाही. एके रात्री पाहुणे येतात, एक इंग्रज अधिकारी आणि त्याचा अरब साथीदार. त्यांना मक्केला जाणाऱ्या हाजींच्या जुन्या वाटेवरच्या एका विहिरीपर्यंत जायचंय, वाटाड्या हवाय. पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं, म्हणून थीबचा मोठा भाऊ हुसेन निघतो. धाकट्याला घरीच थांबायला सांगितलेलं असतं. तो थांबत नाही, गाढवावर बसून मागोमाग जातो.

पुढचं फार सांगणार नाही. मात्र ते विहिरीपाशी पोचतात तेव्हा तिथं पाण्याऐवजी काय दिसतं, तिथून तू उठू शकणार नाहीस. इंग्रजाकडे एक लाकडी पेटी आहे. तिला हात लावला की तो पोरावर खेकसतो. पेटीत काय आहे हे पोराला कळत नाही, म्हणून आपल्यालाही बराच वेळ कळत नाही. सगळा चित्रपट असा आहे, कॅमेरा त्या पोराच्या उंचीवरून बघतो. मोठी माणसं आपसात काहीतरी ठरवतात, तो उंटाच्या पायांमधून पाहतो.

तरुणपणी मी आपल्या सदर भागातल्या एका टॉकीजमध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' पाहिला होता. डेव्हिड लीनचा, १९६२ चा, साडेतीन तासांच्या वर लांब. काळ तोच, युद्ध तेच, आणि त्याचाही काही भाग 'थीब'सारखाच जॉर्डनच्या वादी रम वाळवंटात चित्रित झालेला. त्यात एक प्रसंग आहे, जगभर गाजलेला. विहिरीवर इंग्रज आणि त्याचा वाटाड्या पाणी पिताहेत. क्षितिजावर एक ठिपका थरथरतो. त्याचा हळूहळू उंट होतो, उंटावर माणूस होतो, आणि तो माणूस वाटाड्याला गोळी घालतो, कारण विहीर त्याच्या टोळीची. थिएटरमध्ये आम्ही श्वास रोखून बसलो होतो. पण वाटाड्या मेला आणि दोन मिनिटांत आम्ही त्याला विसरलो, कारण कॅमेरा इंग्रजासोबत पुढे निघून गेला होता. 'थीब'मध्ये उलटं होतं. (एवढं फोडलं म्हणून रागावू नकोस.) इंग्रज मरतो आणि कॅमेरा पोरापाशीच राहतो. मला वाटतं, पन्नास वर्षांनी त्या वाळवंटाच्या बाजूने लीनसाहेबांना दिलेलं हे उत्तर आहे. दिग्दर्शकाच्या मनात तसं होतं की नाही कोण जाणे, मी आपला तसा पाहतो. इंग्रज सोडला तर प्रमुख भूमिकांत त्या भागातलीच बदाऊ माणसं आहेत, त्यांनी आधी कधी कॅमेऱ्यासमोर काम केलेलं नव्हतं. उंट कसा बसवायचा, विस्तव कसा राखायचा, हे त्यांच्या हातांना कोणी शिकवावं लागलं नसणार, आणि ते दिसतं.

मला ज्याच्यासाठी हा चित्रपट तुला दाखवायचाय, तो माणूस अर्धा चित्रपट संपल्यावर येतो. पोर एकटं उरलेलं आहे. एक उंट चालत येतो आणि त्याच्या पाठीवर जखमी माणूस आडवा पडलेला असतो. तो कोण हे पोराला पुरतं माहीत आहे, त्या माणसाच्याच लोकांनी पोराचं घर उजाड केलंय. पण पोराला परतीची वाट येत नाही आणि त्या माणसाला उठता येत नाही. दोघांना एकमेकांशिवाय गत्यंतर नाही. विस्तवाशी बसून तो माणूस बोलायला लागतो. तो काही जन्माचा लुटारू नाही. हाजींना वाट दाखवणं हा त्याचा धंदा. मग तुर्कांनी आगगाडी आणली. तिला तो लोखंडी गाढव म्हणतो.

इथं तू जरा चित्रपट थांबव. गणित तुला आवडतं म्हणून सांगतो. हे लोखंडी गाढव म्हणजे हिजाझ रेल्वे, दमास्कसहून मदिनेपर्यंत, साधारण १,३०० किलोमीटर. काम १९०० मध्ये सुरू, १९०८ मध्ये गाडी मदिनेत. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १,०५० मिलिमीटर, आपल्या मीटरगेजपेक्षा जरासंच रुंद. जगभरच्या मुसलमानांनी वर्गणी दिली, आपल्या हिंदुस्थानातूनही गेली. उंटांच्या तांड्याला जिथं चाळीसेक दिवस लागायचे, तिथं आता मोजके दिवस. आखणी करणाऱ्यांनी उत्तम काम केलं असणार. चढ कुठं, वळण किती, पाणी कुठल्या स्टेशनला, सगळं मोजलं असेल. चाळीस दिवसांच्या त्या वाटेवर किती माणसं जेवत होती, ते तेवढं कुठल्या रकान्यात बसलं नाही.

आणि हे काही अरबस्तानातलंच नाही. वऱ्हाडचा कापूस एके काळी बैलांच्या पाठीवर लादून पार गंगेकाठी मिर्झापूरला जायचा. नेणारे आपले लमाण, बंजारे. त्याला ते लदेणी म्हणत. १८६७ मध्ये जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची, गाडी नागपूरला पोचली आणि बघता बघता लदेणी संपली. तांडे मग जिथं होते तिथं बसले, नाव तेवढं तांडा राहिलं. पुढे इंग्रजांनी यातल्याच कित्येकांना कागदोपत्री गुन्हेगार जमात ठरवलं. धंदा आधी गेला, शिक्का नंतर बसला. त्या विस्तवापाशी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकताना हे डोक्यात असू दे.

लांब कशाला जायचं? कोंढाळीच्या पुढे एक धाबा होता, आम्ही साइटवरून येताना शेवभाजी खायचो. गेल्या वर्षी थांबलो तर अर्ध्या खाटा उलट्या करून ठेवलेल्या. मालक म्हणाला, "गाड्या आता तिकून जातेत ना साहेब, समृद्धीनं." ७०१ किलोमीटरचा रस्ता, मुंबईला पोराकडे जाताना मीसुद्धा तोच घेतो आणि खूश असतो. शेवभाजीचे पैसे देताना त्याच्याकडे बघवलं नाही, एवढंच.

आता मोरी. १९८४ साल, नोकरीला दीड वर्ष झालेलं. काटोलकडच्या एका आडरस्त्याची आखणी माझ्याकडे होती. तेव्हा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, पोत्यात गुंडाळून बैलबंडीतून न्यायचो. एका ओढ्यावर मी जमिनीचे चढउतार मोजायची लेव्हल लावून बसलो होतो, तिथं एक म्हातारा ढोरकी, म्हणजे गुराखी, आला. बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "सायेब, पानी इकून नाही येत, तिकून येते." मी नकाशा बघितला, ओढा नकाशात इकडेच होता. मी त्याला बरं म्हटलं. हे बरं म्हणणं फार वाईट असतं पोरी, त्यात ऐकल्यासारखं वाटतं आणि ऐकलेलं काहीच नसतं. दोन नळ्यांची मोरी टाकली. तिसऱ्या पावसाळ्यात गेलो तर मोरी जशीच्या तशी उभी, एक चिरा हललेला नाही. पाणी तिच्याकडे फिरकलंच नव्हतं. पन्नास पावलांवरचा भराव मात्र धुऊन गेला होता, तिकून. चूक माझी होती, सही माझी होती. म्हाताऱ्याला शोधलं, तर तो आदल्या उन्हाळ्यातच गेलेला.

म्हणून जैसलमेरला पोचलीस की पहिला आठवडा ड्रोन उडवू नकोस. साहेब कुरकुरतील, त्यांना सांग मोबाइलला रेंज नाही. तिथं पाऊस वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आसपास, आपल्याकडे हजाराच्या वर, त्यामुळे तुझ्या डोळ्यांना तिथला उतार दिसणारच नाही. त्या लोकांना दिसतो. खडीन म्हणजे काय ते विचार. खडकाळ उतारावरून वाहून आलेलं पाणी सखल जागी बांध घालून अडवतात, ते जिरलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा काढतात. पालीवाल ब्राह्मणांनी हे शेकडो वर्षांपूर्वी बसवलं. बांध इतका ठेंगणा असतो की नकाशावर तुला तो नुसता उंचवटा वाटेल आणि तू रस्ता सरळ काढशील. तसंच कुंई. अरुंद, खोल, आत जेमतेम एक माणूस बसेल एवढी. वाळूखालच्या पाणी न झिरपणाऱ्या थरावर अडलेलं गोडं पाणी तिच्यात थेंब थेंब झिरपतं. तिच्या तोंडावर लाकडी झाकण असतं, लांबून कोणी सोडून दिलेला खड्डा वाटेल. आणि ओरण. देवाच्या नावाने राखलेलं गायरान, तिथं झाड तोडत नाहीत, उंट-मेंढ्या चरतात. सरकारी कागदात त्यातली बरीच जमीन पडीक म्हणून लिहिलेली आहे, त्यावरून सोलरवाल्यांशी तंटे झालेत. तुझ्या हातात तोच कागद येणार आहे.

रस्ता करू नकोस असं मी म्हणत नाही. जन्मभर तेच करून पेन्शन खातोय. आखणी टाकशील तेव्हा त्या रेषेवर आज कोण चालतं त्याचा शोध घे, आणि तो बोलायला लागला की लेव्हल बुकाच्या मागच्या पानावर त्याच्याच शब्दांत उतरव. माझ्या बुकांची मागची पानं मोरीच्या त्या तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत कोरी आहेत, पुढची भरलेली. काकू रद्दीत देऊ का विचारते. तू येऊन घेऊन जा.

चित्रपटाची भाषा अरबी आहे, खाली इंग्रजी अक्षरं येतात. तासाभरात संवाद आटतात आणि मग तीही फारशी लागत नाहीत. शेवट मी सांगणार नाही. पहिल्यांदा पाहून मला त्या पोराचा राग आला होता, दुसऱ्यांदा पाहिल्यावर तेवढा आला नाही. तुझं काय होतं ते बघू.

फोनवर बघू नकोस, शनिवारी संध्याकाळी इकडेच ये, पोराने लॅपटॉपवर घालून ठेवलाय. दोन तासांच्या आतच आहे. काकू पन्हं करणार आहे. एक अडचण मात्र आहे. आपल्या हॉलमधला डेझर्ट कूलर ट्रकसारखा आवाज करतो, आणि या चित्रपटात वारा, उंटाचा श्वास, विहिरीतला दोर घासल्याचा आवाज, असं ऐकण्यासारखं बरंच आहे. तेव्हा कूलर बंद ठेवावा लागेल. घाम येईल. हातपंखा मी काढून ठेवलाय, तुझ्यासाठी एक वेगळा.

तुझा,
काका