शिल्लक मालाची मोजणी

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

परवा 31 मार्चला आजोबांनी व्हिडिओ कॉल लवकर आटोपता घेतला, तेव्हा तू विचारलेस की दुकानातला सगळा माल संगणकात नोंदलेला असताना ते शटर अर्धे ओढून पोती कशाला मोजत बसतात, आणि वर्ष मार्चमध्ये संपते तर वहीची पूजा दिवाळीत का करतात. कामाच्या गडबडीत नीट उत्तर देता आले नाही, म्हणून लिहितो आहे.

दुसरा प्रश्न सोपा आहे. पूर्वी व्यापाऱ्याला हिशेबाचे वर्ष स्वतः ठरवता येत असे आणि अनेक पेढ्यांचे वर्ष दिवाळीत संपे. लक्ष्मीपूजनाला वहीपूजन होई आणि पाडव्यापासून नवी वही सुरू होई. 1989 पासून आयकरासाठी 1 एप्रिल ते 31 मार्च हेच वर्ष सर्वांना सक्तीचे झाले. मोजणी मार्चमध्ये गेली, पूजा जिथल्या तिथे राहिली, आणि त्यात आजोबांना काहीच विसंगत वाटत नाही.

राहिली मोजणी. बिलाने किती माल आला आणि बिलाने किती गेला, एवढेच संगणकाला कळते. उंदराने कुरतडलेले पोते, पावसाळ्यात पाझरून वजनाला घटलेली गुळाची ढेप, शेजारी अडीनडीला बिलाशिवाय दिलेली साखर, यांतले त्याला काहीच ठाऊक नसते. म्हणून आजोबा एकेक पोते काट्यावर चढवायला लावतात, बारदानाचे वजन वजा करतात आणि आकडा मोठ्याने सांगतात, तो काका लिहून घेतो. सुटे धान्य मापाने मोजताना पहिल्या मापाला ते अजूनही ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतात. त्यानंतर किंमत लावायची, आणि खरी कसोटी तिथेच लागते. मालाची खरेदी किंमत आणि आज तो विकून हाती येईल ती रक्कम, यांतली जी कमी असेल तीच धरायची, असा नियम आहे. 120 रुपये किलोने घेतलेली डाळ आज 100 रुपयांनाच जाणार असेल तर ती 100 ची. पण भाव 140 झाला तरी विकली जाईपर्यंत ती 120 चीच. तोटा दिसताच लिहायचा, नफा मात्र पदरात पडल्यावर. हा नियम मला कोणत्याही बोधकथेपेक्षा अधिक उपयोगी वाटत आला आहे.

दिवाळीत मी लाल वही घेऊन काय लिहितो, हेही तुला हवे होते. तेच लिहितो: येणे, देणे आणि शिल्लक. बँकेतले पैसे आणि इथल्या घराचे कर्ज यांना डोके लागत नाही. कराडच्या घरातला माझा हिस्सा कितीचा धरायचा, हा प्रश्न अवघड, कारण तो मी कधीच विकणार नाही. आजी-आजोबांची वये वाढत आहेत, तेव्हा अचानक निघावे लागले तर तिकिटाचे पैसे आणि शिल्लक रजा वेगळी ठेवावी लागते. कॅनडाचे नागरिकत्व घेतले तर भारताचे सोडावे लागेल, म्हणून ती नोंद दरवर्षी पुढे ओढली जाते. तुझे मराठी मी शनिवारच्या वर्गाची फी किती भरली यावरून धरत नाही; तू बोलतेस अस्खलित आणि वाचतेस अडखळत, म्हणून तसेच लिहिले आहे. (हे पत्र आईकडून वाचून घेतलेस तरी चालेल.) ‘दोन वर्षांनी परत जाऊ’ हा माल मात्र तुझ्या जन्माआधीपासून वहीत पूर्ण किमतीने पडून होता, त्याची किंमत गेल्या दिवाळीत मी बरीच उतरवली. तो सरळ बुडीत खाती टाकावा, असे तुझ्या आईचे मत आहे. आजोबा दुकानात बसत आहेत तोवर मी ते करणार नाही, आणि हा हिशेब नसून हट्ट आहे असे ती म्हणते, ते मी खोडून काढत नाही.

येत्या दिवाळीत तुला वहीत वेगळे पान हवे असेल तर सायकल, खाऊचे पैसे आणि मैत्रिणींकडून परत न आलेली पुस्तके, सगळे त्यात घे. त्या पुस्तकांची किंमत काय लावायची, ते आजोबांना विचार. थकलेल्या उधारीच्या बाबतीत त्यांचा हात कोणी धरू शकणार नाही.

तुझा,
बाबा