आज रात्री फोन रिसेट करू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की बहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं दुसऱ्या दिवशी नणंदेच्या तोंडून जसंच्या तसं ऐकू येतं, 'नुसत्या नंबरावरून सगळे मेसेज दिसतात' असं कोणीतरी सांगितलंय आणि आज रात्री फोन रिसेट मारणार आहात. एवढं ऐका, आज मारू नका. मी तेच केलं होतं.

मी इंजिनिअर नाही, वकीलही नाही. इंदूरला रामबागेत केटरिंगचं काम आहे, लग्नं-मुंजी. २०२२च्या लग्नसराईत मी पार्टीला व्हॉट्सअ‍ॅपवर ताटामागे ३४० लिहिलं की तासाभरात दुसऱ्याचा ३३०चा भाव त्यांच्याकडे पोचलेला असायचा. एकदा तर माझ्या मेनूतली मटार-करंजीसुद्धा त्याच्या यादीत, माझ्याच शुद्धलेखनाच्या चुकीसकट! मोबाइल कंपनीच्या काउंटरवर गेलो. तिथला मुलगा फोन हातातही न घेता म्हणाला, "अंकल, वायरस है, रिसेट मार दो, सिम बदल लो." मारला. नवीन सिमचे पैसे त्यानेच घेतले.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. नुसत्या नंबरावरून मेसेज दाखवणारं अ‍ॅप म्हणजे निव्वळ फसवणूक, पैसे देऊ नका. साधा एसएमएस कंपनीच्या यंत्रणेतून उघडाच जातो, तिथे तो वाचता येतो. पण सरकारलाही त्यासाठी गृहसचिव पातळीचा लेखी आदेश लागतो, ६० दिवसांचा, आणि तो वाढवत नेला तरी १८० दिवसांच्या पुढे जात नाही. तुमची नणंद काही गृहसचिव नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर २०१६पासून पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवर उघडतो, वाटेत कोणाच्या हाती लागला तरी काही उपयोग नाही. पेगाससच्या बातम्या वाचून घाबरू नका, तसली महागडी हेरगिरी आपल्या घरच्या भांडणांसाठी कोणी वापरत नाही.

म्हणजे चोरी होते ती दोन टोकांना. आणि टोकं दोन आहेत हे सगळे विसरतात! तुमचा फोन नंतर बघा, आधी बहिणीला विचारा की तिचा फोन घरात कोणाकोणाच्या हातात असतो.

मग व्हॉट्सअ‍ॅपमधलं 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा, म्हणजे तुमचं व्हॉट्सअ‍ॅप आणखी कुठल्या यंत्रावर जोडलंय त्याची यादी. एका फोनला चार जोडण्या करता येतात, आणि २०२१नंतर आलेल्या पद्धतीत तुमचा फोन बंद असला तरी त्या चालू राहतात. फोन १४ दिवस वापरलाच नाही तर तुटतात, पण असं कोण करतं? त्या यादीत कुठला ब्राउझर, विंडोज की आणखी काही, शेवटचं कधी चालू होतं, सगळं दिसतं. त्याचा दुसऱ्या फोनने फोटो काढा, मगच अनोळखी जोडणी काढून टाका.

अँड्रॉइड असेल तर सेटिंगमध्ये नोटिफिकेशन वाचायची आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी कोणत्या अ‍ॅपला आहे तेही बघा. चोरटं अ‍ॅप कुलूप फोडत नाही, पडद्यावर आलेलं वाचतं. ते बसवायला फोन काही मिनिटं हातात आणि लॉक माहीत असावा लागतो. प्ले प्रोटेक्ट, म्हणजे गूगलची घातक अ‍ॅप तपासणारी सोय, आपोआप बंद झालेली दिसली तर शंका घ्याच. आयफोनवर असं अ‍ॅप साध्या मेसेजपर्यंत पोचत नाही, पण तुमचं अ‍ॅपल खातं घरातल्या आयपॅडवर चालू असेल तर मेसेज तिथे उतरू शकतात.

जाता जाता: कॉल फॉरवर्डिंगने, म्हणजे तुमचा कॉल दुसऱ्या नंबरावर वळवण्याने, मेसेज जात नाहीत, फक्त कॉल जातात. पण ओटीपी मेसेजऐवजी कॉल येऊन सांगितला जात असेल तर तो जातो! ही सोय कंपनीच्या यंत्रणेत असते, म्हणून फोन रिसेट करून ती हटत नाही. कोड डायल करायला लावणाऱ्या फसवणुकींमुळेच सरकारने १५ एप्रिल २०२४पासून कोडने फॉरवर्डिंग लावणं थांबवायला सांगितलं. तुमच्या फोनवर फॉरवर्डिंग लागलंय का ते *#२१# लावून बघा.

घरात मारहाणीची, धमकीची भीती असेल तर मात्र माझं काही ऐकू नका. जोडणी तोडली की समोरच्याला कळतं. आधी दुसऱ्याच्या फोनवरून विश्वासातल्या माणसाशी बोला.

माझं सांगायचं राहिलं. रिसेटनंतर गळती थांबली, पण लिंक्ड डिव्हाइसेसची यादीही गेली. तक्रार घेऊन गेलो तर "स्क्रीनशॉट कहाँ है?" तो कुठून आणणार? मधल्या काळात माझा फोन भाच्याजवळ असायचा म्हणून त्याच्यावर मीच आळ घेतला होता, सगळ्यांदेखत. पुढे आठवलं, आदल्या दिवाळीच्या साफसफाईत बिलांचा जुना कॉम्प्युटर विकला होता, त्यात व्हॉट्सअ‍ॅप वेब माझ्याच हाताने उघडलेलं होतं आणि घेणारा आमच्याच धंद्यातल्या एकाचे हिशेब लिहायचा. यादीत 'विंडोज' असा शब्द दिसला असता तरी पुरे होतं, भाच्याकडे कॉम्प्युटर नाहीच. आता हे नुसतं अनुमान, सिद्ध काय करणार? भाचा गणपतीला घरी येतो, आरतीला उभा राहतो, पण दुकानाची पायरी चढत नाही.

यादीत काय दिसतं ते लिहा. नंबर झाकून.