शिक्षकांचा पगार वाचवणारा फंड

प्रश्न: अमेरिकेत २०१० ला सरकारने शिक्षकांच्या नोकऱ्या वाचवायला पैसा दिला होता म्हणे, त्यातून वर्गखोल्या, कॉम्प्युटर पण घेता येत होते का?

उत्तर: नाही हो, तो १० अब्ज डॉलरचा एज्युकेशन जॉब्स फंड फक्त माणसांसाठी होता. मंदीत राज्यांचा टॅक्स आटला, शिक्षकांना घरी बसवायची वेळ आली, म्हणून ऑगस्टमध्ये ओबामांनी सही केली आणि मग शिक्षकच काय, शाळेतली नर्स, बस ड्रायव्हर, सफाईवाले यांचेही पगार त्यातून देता यायचे. डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे तिथल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाच्या) ऑफिसखर्चाला मात्र हात लावायचा नाही, हे बरं केलं. गोची एकच, मुदत सप्टेंबर २०१२ पर्यंतचीच, पुढचा पगार ज्याचा त्याने बघायचा!