बडोद्यात मुलीचा बुद्ध्यांक दोन वर्षांपूर्वी ११२ आला, आता १०४. बुद्धी कमी झाली का?

नाही, एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. आठ गुणांचा फरक मोजमापाच्या चुकीत बसतो. मी इथे मुलांच्या चाचण्या घेते. प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरतात ते) १५ आणि विश्वसनीयता (पुन्हा घेतल्यास निकाल किती जुळतो ते; पूर्ण जुळला तर १) ०.९५, म्हणजे उत्तम चाचणी धरली, तरी ९५ टक्के खात्रीसाठी एका निकालाला ६-७ गुण कमीजास्त धरावे लागतात, दोन निकालांतल्या फरकाला ९. अहवालात नुसता आकडा असेल तर हा पल्ला मागून घ्या. आणि चाचणी कुठल्या भाषेत झाली तेही विचारा. इथल्या दांडिया बाजारातल्या घरात मराठी, शाळेत गुजराती, आणि चाचणीत इंग्रजीतून ‘सेव्हन-टू-नाइन’ उलटं म्हण सांगितलं की मूल मनातल्या मनात ‘सात-दोन-नऊ’ करत बसतं. तिथे गुण जातात, बुद्धी नाही. मात्र दोन्ही वेळा चाचणी एकच नसेल तर हे गणित जसंच्या तसं लावू नका.