वाचक विचारतात : उंदराच्या सापळ्यावर धावणारी गाडी

गेल्या महिनाभरात या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयावर आहेत. सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांत शाळांची विज्ञान प्रदर्शने जवळ आली असून, उंदराच्या सापळ्यातील स्प्रिंगच्या बळावर चालणारी गाडी करण्याचे अनेकांनी मनावर घेतलेले दिसते. अशा गाडीत सापळ्याच्या आपटणाऱ्या कडीला एक लांब कामटी जोडतात आणि तिच्या टोकाला बांधलेला दोरा मागच्या आसेवर गुंडाळतात; कडी मिटू लागली की दोरा ओढला जाऊन आस आणि चाके फिरतात. म्हणून या वेळी दुसरे विषय बाजूला ठेवून याच पत्रांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही तिघी नववीत शिकतो. आमच्या गाडीला सीडीची चाके आहेत, मागची आस ५ मिमी जाडीची आहे आणि सापळ्याच्या कडीला २५ सेंमी लांबीची बांबूची कामटी जोडली आहे. गाडी १४ मीटर गेली. हात, म्हणजे ही कामटी, लांब केला की गाडी जास्त लांब जाते असे वाचल्यामुळे आम्ही कामटी ४० सेंमीची केली, तर आता गाडी जागची हलतच नाही. सापळा बिघडला असेल का? (तासगाव)

उत्तर : सापळा शाबूत आहे, बिघडले आहे ते गणित, आणि ते दुरुस्त करणे सोपे आहे. प्रथम हे लक्षात घ्या की कामटी लांब केल्याने स्प्रिंगमधील ऊर्जा तसूभरही वाढत नाही. कडी मागे ओढताना स्प्रिंगला जेवढा पीळ बसतो तेवढीच ऊर्जा तिच्यात साठते, आणि तो पीळ दोन्ही वेळा अर्ध्या वर्तुळाचाच असतो. माझ्याकडील एका सापळ्याला तुमच्याप्रमाणेच २५ सेंमीची कामटी बांधून मी तिच्या टोकाला तानकाटा (स्प्रिंगचा वजनकाटा) अडकवला आणि कामटीशी काटकोन राखून ओढत गेलो. पूर्ण मागे ओढलेल्या स्थितीत काटा १२० ग्रॅमवर होता आणि कडी मिटत आली तेव्हा ६० ग्रॅमवर, म्हणजे सरासरी ९० ग्रॅम. कामटीचे टोक या प्रवासात सुमारे ७८ सेंमीचा कंस कापते. ९० ला ७८ ने गुणले की सुमारे ७,००० ग्रॅम-सेंटिमीटर कार्य मिळते, म्हणजे १०० ग्रॅमची वस्तू जमिनीपासून ७० सेंमी उचलण्याइतके. तुमच्या गाडीची सगळी शिदोरी साधारण एवढीच समजा. कामटी ४० सेंमीची केली तर सरासरी ओढ ९० ऐवजी ५६ ग्रॅम होईल आणि कंस १२६ सेंमीचा होईल. गुणाकार पुन्हा सात हजारांच्या आसपासच येतो.

मग हात लांब करून फायदा कोणता? कामटीचे टोक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाताना तिच्या लांबीच्या साधारण दुप्पट दोरा ओढते. २५ सेंमीच्या कामटीने ५० सेंमी दोरा आसेवरून उलगडतो. सीडीची त्रिज्या ६० मिमी आणि आसेची २.५ मिमी, म्हणजे दोऱ्याच्या दर सेंटिमीटरमागे गाडी २४ सेंमी पुढे सरकते, आणि दोरा संपेपर्यंत १२ मीटर अंतर होते. तुमच्या १४ मीटरांपैकी शेवटचे दोन मीटर गाडी केवळ वेगाच्या जोरावर गेली असणार. ४० सेंमीच्या कामटीने हेच अंतर १९ मीटरांवर जाते. शिदोरी तीच, पण ती हळूहळू खर्च होते. गाडी संथ चालते आणि संथ गाडीला हवेचा अडथळाही कमी होतो.

परंतु हप्ता लहान करताना तो रोजच्या खर्चाखाली तर जात नाही ना, हे पाहावे लागते, आणि तुमचे नेमके तेच झाले आहे. गाडीचा हा रोजचा खर्च म्हणजे घर्षण. ते मोजण्यासाठी एक मीटर लांबीची सपाट फळी घ्या, दोरा आसेवरून सोडवून गाडी फळीवर ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. हलका धक्का दिल्यावर गाडी वेग न वाढवता आणि न गमावता उतरू लागली की ते टोक किती उचलले आहे ते मोजा. समजा २ सेंमी उचलावे लागले, तर घर्षण गाडीच्या वजनाच्या शंभरात दोन भाग आहे. १५० ग्रॅमच्या गाडीला ३ ग्रॅम. आता सुरुवातीची ओढ पाहा. २५ सेंमीच्या कामटीच्या टोकाला १२० ग्रॅम, त्याला २४ ने भागले की चाकाच्या कडेला ५ ग्रॅम मिळतात, म्हणून गाडी निघते. ४० सेंमीच्या टोकाला मात्र ७५ ग्रॅमच उरतात आणि चाकाला मिळतात जेमतेम ३.१ ग्रॅम. उभी गाडी हलवायला चालत्या गाडीपेक्षा थोडे अधिक बळ लागते, त्यामुळे गाडी जागीच बसते. तुमच्या सापळ्याचे आणि गाडीचे आकडे थोडे वेगळे येतील. हे दोन्ही प्रयोग स्वतः करा आणि वहीत तारीख घालून लिहा, कारण परीक्षक गाडीपेक्षा ती वही आधी मागतात असा माझा अनुभव आहे.

यावर दोन उपाय आहेत. पहिला लगेच करता येतो. आसेवर जेथे दोऱ्याचे शेवटचे वेढे येतात, म्हणजे गाडी सुटताना जे सर्वात आधी उलगडतात, तेवढ्याच जागी कागदी चिकटपट्टी गुंडाळून आसेची जाडी ८ मिमी करा. तेथे प्रमाण २४ ऐवजी १५ होईल, चाकाला ५ ग्रॅम मिळतील आणि गाडी निघेल. तीन-चार वेढ्यांनंतर दोरा पुन्हा बारीक आसेवर येईल. जुन्या स्प्रिंगच्या घड्याळांत सैल होत जाणाऱ्या स्प्रिंगची ओढ एकसारखी राहावी म्हणून शंकूच्या आकाराची फिरकी बसवत असत, त्याच घराण्यातील ही युक्ती आहे.

दुसरा उपाय वेळखाऊ असला तरी खरी कमाई त्यातच आहे, आणि तो म्हणजे घर्षण कमी करणे. फळी २ सेंमीऐवजी दीड सेंमी उचलून भागू लागले तर तेवढ्याच शिदोरीवर गाडीचा हिशेब (सात हजारांना घर्षणाच्या ग्रॅमने भागून येणारे अंतर) २३ मीटरवरून ३१ मीटरवर जातो. (प्रत्यक्षात दोरा आणि बिजागरी आपला वाटा घेतातच, म्हणून कागदावरचा आकडा पुरता हाती येत नाही.) बॉलबेअरिंग वापरले असेल तर त्यातील ग्रीस एवढ्याशा गाडीला गुळाच्या पाकासारखे जड जाते, ते मोठ्या माणसांकडून थिनरने धुऊन घ्या आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडा. वजनही कमी करा. एक सीडी सुमारे १५ ग्रॅमची असते, म्हणजे चार चाकांतच ६० ग्रॅम गेले; पुढे एकच चाक ठेवले तर पंधरा ग्रॅम तेथेच वाचतात. दोऱ्याचे टोक आसेला बांधू नका. आसेला बारीकसा आकडा काढून त्यावर दोऱ्याचा फासा नुसता अडकवा, म्हणजे ओढ संपताच तो गळून पडेल. बांधलेला दोरा उलटा गुंडाळला जातो आणि चालत्या गाडीला ब्रेक लावतो. चपला शिवण्याचा मेण लावलेला दोरा या कामाला उत्तम. गळाचा नायलॉन दोरा ताणतो, तो नको.

प्रश्न : आमच्या विद्यार्थ्यांची गाडी शाळेच्या व्हरांड्यात दहा मीटर जाण्याआधीच भिंतीला धडकते. चाके तर सरळ दिसतात. (एक विज्ञान शिक्षक, कराड)

उत्तर : सर, डोळ्यांना सरळ दिसणे येथे पुरेसे नाही. पुढच्या आणि मागच्या आसेत ३० सेंमी अंतर असून त्या एकमेकींशी समांतर राहण्यात केवळ एका अंशाची चूक असेल, तरी गाडी सुमारे १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळते आणि दहा मीटर गेल्यावर जवळजवळ तीन मीटर बाजूला सरकलेली असते. एवढा रुंद व्हरांडा कोणत्या शाळेला असतो? म्हणून दोन्ही बाजूंनी आसांमधील अंतर पट्टीने मोजावे. अर्ध्या मिलिमीटरचाही फरक ठेवू नये. त्यानंतर पुढच्या आसेचे एक टोक उभट खाचेत बसवून स्क्रूने मागेपुढे सरकवता येईल असे केले, तर स्पर्धेच्या जागी शेवटची दुरुस्ती करता येते. सीडीचे भोक १५ मिमीचे असल्यामुळे तीत नळाचे रबरी वायसर बसवून मगच आस घालावी. नुसत्या डिंकाने चिकटवलेली सीडी डुगडुगते, आणि प्रत्येक फेऱ्यात थोडी ऊर्जा खाते. शहाबादी फरशीच्या सांध्यांवर गाडी उसळत असेल तर त्या चाचणीवर फार विसंबू नये. स्पर्धेच्या सभागृहात ज्या जातीची फरशी आहे, तशाच फरशीवर सराव करावा.

प्रश्न : मुलासाठी सापळा आणायला गणपती पेठेत गेलो, तर दुकानदाराने तारेचा पिंजराच पुढे केला. शिवाय स्प्रिंगचा सापळा लहान मुलाच्या हाती देणे योग्य आहे का? (एक पालक, सांगली)

उत्तर : पाटीवरचा, स्प्रिंगची कडी आपटणारा लहान सापळा हवा असे स्पष्ट सांगावे. घुशीसाठीचा मोठा सापळा अधिक जोराचा असतो, पण बहुतेक स्पर्धांत तो चालत नाही, तेव्हा नियम वाचल्याशिवाय घेऊ नये. धोक्याविषयी म्हणाल तर या कडीने माझा स्वतःचा अंगठा एकदा असा चेचला होता की नख महिनाभर काळेनिळे होते. कामटी जोडताना कडी मिटलेली ठेवावी, ती मागे घेताना पकडीचा वापर करावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा. एवढे पाळले तर सहावी-सातवीच्या मुलाने मोठ्यांच्या देखरेखीखाली हे काम करण्यास हरकत नाही. मात्र देखरेख म्हणजे गाडी आपण करून देणे नव्हे.

प्रश्न : आमच्या स्पर्धेत गाडी नेमकी ८ मीटरच्या रेषेवर थांबायला हवी. बॅटरी वापरायची नाही. कशी थांबवावी? (मिरज)

उत्तर : मागची आस म्हणून आटे पाडलेली ६ मिमीची सळी वापरा आणि तिच्यावर एक विंग नट (दोन पाकळ्यांचा, हाताने फिरवायचा नट) चढवा. नटाची एक पाकळी गाडीच्या पाटीला टेकून राहील अशी ठेवली की नट स्वतः फिरू शकत नाही. सळी फिरते आणि नट तिच्यावरून बाजूला सरकत जातो. सरकता सरकता तो आसेवर घट्ट बसवलेल्या दुसऱ्या नटाला भिडला की आस जखडते आणि गाडी थांबते. या सळीच्या नेहमीच्या आट्यांचे अंतर १ मिमी असते. सीडीच्या एका फेऱ्यात गाडी ३७.७ सेंमी जाते, त्यामुळे ८ मीटरांसाठी २१.२ फेरे लागतात. अर्थात सुरुवातीला दोन नटांमध्ये २१.२ मिमी अंतर ठेवायचे. गाडी वेगात असेल तर चाके जखडल्यावरही ती घसरते. तेव्हा पाच-सहा वेळा चालवून सरासरी घसरण काढा आणि तेवढे अंतर आधीच वजा करा. नटाला दिलेला फेऱ्याचा दहावा हिस्सा म्हणजे जमिनीवर पावणेचार सेंटिमीटर, हे ध्यानात असू द्या.

प्रश्न : हा सापळा मुळात शोधला कोणी? (विटा)

उत्तर : स्प्रिंगची कडी आपटणाऱ्या सापळ्याचे पेटंट अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील विल्यम हूकर यांना १८९४ मध्ये मिळाले. स्प्रिंगचा ताण आणि बळ यांचे नाते सांगणारा नियम १६७८ मध्ये प्रसिद्ध केला तो इंग्लंडच्या रॉबर्ट हूक यांनी. नावांतील साम्य निव्वळ योगायोगाचे, पण परीक्षकांसमोर दोघांची अदलाबदल होण्याची भीती खरी आहे.

प्रश्न : आमच्याकडे अंतराची नव्हे, पाच मीटरच्या वेगाची शर्यत आहे. वरीलच गाडी चालेल का? (कोरेगाव)

उत्तर : चालणार नाही. येथे शिदोरी पहिल्या पाच मीटरांतच संपवायची असते, म्हणून कामटी १० ते १२ सेंमीची, सापळा मागच्या आसेच्या जवळ आणि आस जाड घ्या. १० सेंमीच्या कामटीने २० सेंमी दोरा ओढला जातो. सीडीची चाके असतील तर ५ मिमीच्या आसेवर तो ४.८ मीटर पुरतो, आणि ८ मिमीच्या आसेवर ३ मीटर. दोन्ही करून घड्याळ लावून पाहा. सुटताना चाके जागीच फिरू लागली तर सीडीच्या कडेवर फुग्याची कापलेली गोल पट्टी ताणून बसवा.